घड्याळजींचे सात ब्लिट्झ

...तर घड्याळजींचा औषधवाला साडू त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरला तो मनगटी घड्याळाचा पट्टा तुटल्याचं निमित्त घेऊन. तुटला कसला, घरून निघताना त्यानंच पिन उपसली होती. कालच्या ऑनलाइन सामन्यात घड्याळजींनी त्याला धुऊन काढलं होतं, आणि त्यात काहीतरी काळंबेरं आहे हा किडा रात्रभर त्याच्या डोक्यात वळवळत होता.

हा हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल, कॉम्प्युटरवरचा. लीग सोळा जणांची, पंचगिरी साडूकडे. मागचं रान मोकळं सोडून चेंडू फेकणाऱ्यावर एकदम तुटून पडायचं, त्याला म्हणतात ब्लिट्झ. एकच ब्लिट्झ लागोपाठ दोनदा लावायचा नाही. कॉम्प्युटरच्या गड्यांना चकवायला आपला गडी भलत्या जागी सरकवायचा नाही. नियम मोडला की लीगबाहेर. घड्याळजींनी काल साडूचा फेकणारा सात वेळा आडवा केला होता!

दिवसभर डोळ्याला भिंग लावून मान मोडणाऱ्या या माणसाची चार माणसांत ऊठबस म्हणजे ती लीगच. साडूला हे ठाऊक होतं. म्हणूनच 'यांना काढलं' हा निरोप फोनवर लिहून ठेवूनही त्यानं अजून पाठवला नव्हता.

"भाऊ, कालचं रेकॉर्डिंग बघू या?"

"पट्टा बसवू की पोलिसांना बोलावू?" घड्याळजींनी भिंग न काढताच विचारलं.

दोघांनी काउंटरवर फोन टेकवून सातही डाव पाहिले. एकदा डावीकडून, एकदा मधून, एकदा उजवीकडून. लागोपाठ सारखा एकही नाही, गडी जागच्या जागी. साडूचा संशय उलट वाढला. चोर इतका स्वच्छ सापडतो कधी?

"मग तुमचे गडी नेमके त्याच क्षणी कसे सुटतात? मी चेंडू कधी उचलणार हे तुम्हाला कोण सांगतं? बायकोनं सांगितलं का माझ्या?"

"तिला कशाला मध्ये ओढतोस? पुन्हा लाव. कोपऱ्यातली उलटी मोजणी बघ."

साडूनं पाहिलं. डाव सुरू करायला पंचवीस सेकंद मिळतात. पहिल्या डावात त्यानं चेंडू उचलला तो दोन सेकंद उरल्यावर. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यातही दोनच. गोळ्यांचं पाकीट तीनदा वाचून गिऱ्हाइकाला देणारा माणूस, इथंही शेवटपर्यंत तपासत बसायचा. त्याचे कान गरम झाले. निरोप त्यानं पुसला, पण तोंड वाकडंच राहिलं.

"म्हणजे पाळत ठेवता तर. याच्यावरही एक नियम करावा लागेल."

घड्याळजींनी पट्ट्यात पिन बसवली, घड्याळ कानाशी धरून ऐकलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"कर की. पण दुसऱ्याच्या घड्याळात डोकं घालायचं नाही असं लिहिलंस, तर सकाळी दुकान उघडून मी करायचं काय, तेही खाली लिही."