राधाकिशन सरांचा बहिष्कार

राधाकिशन सरांनी शिक्षक संघटनेत एकवीस वर्षं काढली, त्यातली नऊ तालुकाध्यक्ष म्हणून. लोकांच्या बदल्या सोडवल्या, गावाला टँकर मिळवून दिला. स्वतःच्या घरावरचे पत्रे मात्र अजून गळतात. माणूस चांगला, पण एकदा माइक हातात आला की कुणाचं ऐकायचा नाही.

यंदा दसऱ्याच्या मेळाव्यात त्यांनी जाहीर केलं, शिकवण्याखेरीज एकही काम करायचं नाही. शौचालयं मोजायची नाहीत आणि कुठलीच यादी द्यायची नाही. टाळ्या पडल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या पोरांना शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, आणि तेही यादी दिली तरच, हे टाळ्यांच्या नादात सरांच्या ध्यानातच आलं नाही.

ते आणून दिलं सरस्वतीबाईनं. सहावीतल्या नातीला, दिपालीला, हाताला धरून ती शाळेत आली.

"सर, सोमवारी टोळी निघती. यंदा जेवन न्हाई म्हनत्यात. मी म्हातारी हिला काय खाऊ घालू? जाऊ द्या मंग आईसंगं फडावर."

सर चिडले, म्हातारीवर नव्हे, स्वतःवर. पण अध्यक्षानंच शब्द मोडला तर संघटनेला कोण विचारणार? या घोळात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी यादी वर्तमानपत्रात गुंडाळून सर चोरासारखे तालुक्याच्या कार्यालयात गेले.

"तारीख कालच गेली, सर," बाबू म्हणाला. "तुमच्या शाळेचीच तेवढी राहिली."

टेबलावर बाकी सगळ्या शाळांच्या याद्या होत्या. सगळ्यात वरच्या यादीवर सही होती संघटनेचे सचिव परमेश्वर सर यांची. सरांनी तिथूनच त्यांना फोन लावला.

"काय बे, सगळ्यांनी याद्या दिल्या आन मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगायचं कसं, सर? तुमी ऐकता व्हय?"

सर तिथंच दारात फतकल मारून बसले. गेल्या वर्षी याच दारात ते 'जादा काम देऊ नका' म्हणून बसले होते.

"मागणी काय लिहू, सर?" बाबूनं विचारलं.

"लिहा, आमचं काम घ्या."

दुपारी परमेश्वर सर आणखी चौदा जणांना घेऊन मुकाट्यानं शेजारी येऊन बसले. संध्याकाळी साहेबांनी वैतागून यादी घेतली.

सोमवारी टोळी गेली. शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली, सर वाढायला होते.

"सर, आमची यादी कुनी अडवली हुती?" दिपालीनं विचारलं.

"आमच्या अध्यक्षानं."

"लई अडानी दिसतंय."

सरांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.