जोडीच्या फोटोला हार

वॉटफर्डची आमची सुहासिनी लंडनच्या एका म्युझियममध्ये दिवसभर खुर्चीवर बसून लोकांना “हात लावू नका” म्हणायची. या कामाचा पगार मिळतो, हे मला अजून पटलेलं नाही. नवरा पद्माकर, डॉक्टर आणि कट्टर नास्तिक. जाताजाता हिच्याकडून वचन घेऊन गेला: घरात माझा फोटो नाही, हार नाही, रडारड नाही. मेल्यावरसुद्धा हुकूम सोडायची हौस! आणि ही वेडी ते पाळत बसली. आतल्या आत कुढत होती नुसती. एकदा त्याला हार घालावा, एवढंच तिला हवं होतं.

२००६ साली तिच्या दालनात एका चिकाना बाईंचं, म्हणजे मेक्सिकन मुळांच्या अमेरिकन कलावतीचं, जन्मभराचं काम मांडलं. बाई गेलेल्या माणसांचे देव्हारे मांडतात. फोटो, झेंडू, मेणबत्त्या, अत्तराच्या बाटल्या. म्युझियमवाले याला कला म्हणायला तयार नव्हते, तेव्हापासून मांडतायत. शेवटचा देव्हारा सगळ्यांसाठी होता. आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणा आणि ठेवा.

सुहासिनीचा लगेच फोन. “रेखा, वचन घरापुरतं होतं ना गं? म्युझियम काही माझं घर नाही.”

“वकील का नाही झालीस तू? घाल हार!”

घातला. पण पद्माकर हसतोय असा फोटो एकच, बोर्नमथच्या बीचवरचा, तोही दोघांचा. सुहासिनीबाईंनी घसघशीत हार अख्ख्या फ्रेमला चढवला.

शनिवारी हिला सुट्टी, आणि नेमकी आमच्या महाराष्ट्र मंडळाची अलका प्रदर्शनाला गेली. झालं! हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगावं लागतं का? संध्याकाळपर्यंत अलकाने हिला पार वर पोचवलं. स्लाऊहून एक जोडपं जमलेल्या नातेवाइकांसाठी पिठलं-भाताचा डबा घेऊन आलं, आणि दार हिनेच उघडलं. ती बाई किंचाळलीच.

ते कळल्यावर मी हसत हसत सुहासिनीच्या घरी गेले. म्हटलं, “उद्या कात्री ने आणि स्वतःला काप त्या फोटोतून.”

“नाही गं. यांचा हात माझ्या खांद्यावर आहे.”

तेवढ्यात फोन वाजला. अलकाच होती. कोण बोलतंय म्हणून घाबरत घाबरत विचारत होती.

“मी आहे, अलका. जिवंत आहे.” सुहासिनी म्हणाली. “हे गेलेत गं. आमचे हे गेले.”

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. रिसीव्हर हातात धरूनच ती मोठमोठ्याने रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.