सारख्या मापाची डिस्क

जगनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यावरची माणसं आठला यायची, तोवर माती तयार लागायची. तो ती पायाने तुडवायचा, मग हाताने मळायचा. जितकी घमेली नव्या शाडूची, तितकीच फुटक्या मूर्तींच्या भिजवलेल्या जुन्या मातीची. माप चुकलं की मूर्तीला सुकताना तडा जातो, असं तो मानायचा. मी शेजारी साचे भरायचो. त्याच्या मातीत कधी खडा लागला नाही.

त्याची बायको कृष्णाबाई धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात तिच्या धवल्यांशिवाय हळद लागत नाही. शेवटच्या आजारात तिने अंथरुणावर बसून लेकीच्या, भूमिकाच्या, लग्नाचे धवले म्हणून ठेवले. म्हणाली, "मी नसले तरी हळद माझ्याच आवाजात लागू दे." भूमिकाने ते मोबाईलमध्ये घेतले आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकले. कृष्णाबाई गेली. मोबाईल पुढे खाडीत पडला. आवाज राहिला तो कॉम्प्युटरमध्येच.

भूमिकाचं लग्न अष्टमी गावच्या मितेशशी ठरलं. रोह्याचा पूल ओलांडला की त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. साखरपुड्याला त्याने घरातल्या कॉम्प्युटरला कान लावला. आत डिस्क टकटक करत होती.

"मामा, ही जाणार. नवी आणा. तिच्यावर विंडोज टाकतो आणि गाणी तिकडे ओढून घेतो."

त्या हंगामात जगनने आमची माती उरकून दुसऱ्या कारखान्याचीही मळली. टाचांच्या भेगांत शाडू भरून कडक व्हायचा. पैसे जमल्यावर डिस्क घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, थोडे जास्त टाका, दुप्पट मोठी मिळेल.

"नाय. जुनी केवढी, तेवढीच पायजे. कंपनी पण तीच."

अष्टमीच्या दुकानात मितेशने कॉम्प्युटरचा डबा उघडून नवी डिस्क बसवली आणि जुनीची वायर काढायला हात घातला.

"ती कशाला काढतोस?" जगन म्हणाला. "जुनं लावल्याशिवाय नवं धरत नाय."

"मामा, ही काय शाडू हाय?" मितेश हसला. पण होणाऱ्या सासऱ्याचा मान म्हणून वायर राहू दिली. पडद्यावर दोन ओळी आल्या. कंपनी तीच, माप तेच. मितेश मांडववाल्याशी फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने एका ओळीवर फॉरमॅट मारलं आणि विंडोज चढवलं.

मग भूमिका आईचा आवाज ऐकायला बसली. दुसरी डिस्क उघडली तर ती कोरी, कंपनीतून आली तशी. फॉरमॅट जुनीवर बसलं होतं.

मितेशने दिवसभर खटपट केली. नावं परत आली, 'आई हळद', 'आई मांडव'. दाबलं की खरखर यायची. संध्याकाळी जुन्या डिस्कची टकटकही थांबली.

"नवी जुनीसारखीच आणलीत, मामा," मितेश म्हणाला. "मोठी आणली असतीत तर मला कळलं नसतं काय?"

जावयावर आवाज चढवायचा नसतो. "व्हय. माझंच चुकलं," जगन म्हणाला.

मितेशला भूमिका काही बोलली नाही. त्याच्याच घरी नांदायचं होतं. पेणच्या एसटीत बसल्यावर बापाला म्हणाली, "आईला दुसऱ्यांदा जाळलंत, बाबा." त्यानंतर लग्नापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट त्याच्यापुढे सरकवून आत जायची.

गोष्ट कारखान्यात पोचली. मालक विलासशेठ येता-जाता म्हणायचा, "जगन, घमेली नीट ओळख रे. फॉरमॅट मारशील." साच्यावरचे सगळे हसायचे. जगन मान खाली घालून तुडवत राहायचा. माती पूर्वीसारखीच यायची.

हळदीला बाहेरगावची धवलारीण आणली. आईचं नाव घ्यायची जागा आली तेव्हा ती थांबली. "नवरीची आय कोण गो?" तिने बायकांना विचारलं. मांडवाच्या खांबाशी उभ्या जगनने नाव सांगितलं. त्या गडबडीत तिला नीट ऐकू गेलं नाही, तिने नावाशिवाय ओळ पुरी केली.

धवले संपल्यावर गाणी लागली. मितेशने सासुरवाडीला कॉम्प्युटर दुरुस्त करून पाठवला होता, आत जगनच्या मजुरीची डिस्क. ती त्याने डीजेच्या गाण्यांनी भरली होती.