शिरपतीनं मागितलेली दहा मिनिटं

सिक रिपोर्टच्या, म्हणजे सकाळी डॉक्टरकडे जाणाऱ्या आजाऱ्यांच्या, यादीतलं लान्सनाईक शिरपतीचं नाव मी खोडलं. माझ्याच पेन्सिलीनं. हे पाच वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

चव्वेचाळीस साली आमची पलटण ब्रह्मदेशच्या डोंगरात होती. मी नाईक, सेक्शन माझ्या हाताखाली. शिरपती माधवनगरच्या विणकराचा मुलगा. त्याचं डोकं सारखं दुखायचं. पलटणीच्या डॉक्टरसाहेबांनी रक्तदाब मोजला. फार वाढलेला निघाला. रोज सकाळी दाखवायला ये म्हणाले, आणि दोन वेळा शांत बसून सावकाश श्वास घे. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.

शिरपती झाडाला पाठ टेकून बोटांवर मोजत बसे.

"शिरपा, बुवा झालास का रं?" मी विचारी.

"व्हय नाईक. पयला चेला तुमीच."

सेक्शन हसे. सिक रिपोर्टला जाणारा कामचुकार, अशी आमच्यात समजूत होती. माझीही.

त्या दिवशी पहाटे सहाला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघायची होती. दोन जवान तापानं पडलेले. तिसरा कमी झालेला मला चालणार नव्हता, म्हणून ते नाव खोडलं.

"डोस्कं लय ठणकतंय," शिरपती म्हणाला. "धा मिनिटं बसू का?"

"चढावर घे श्वास. चल."

साडेआठला तो चढावरच कोसळला. मी वायरलेस घेतला.

"एक जवान बेशुद्ध. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"गोळी लागली? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो गेला. स्ट्रेचर नंतर आलं. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. यादीबद्दल मला कोणी विचारलं नाही.

यंदा साताऱ्याच्या डॉक्टरांनी माझाच रक्तदाब मोजला. मीठ कमी करा, घरी सकाळ-संध्याकाळ सावकाश श्वास घेत बसा, म्हणाले. लोणंदजवळच्या घरात, बायको गेल्यापासून, मी एकटाच असतो. भिंतीला पाठ लावून मोजू लागलो. बोटं माझी असत, आवाज शिरपतीचा. महिनाभर तसं काढलं आणि माधवनगरला गेलो.

शिरपतीचे वडील मागावर होते. मी सगळं सांगितलं. धोटा त्यांच्या हातातच राहिला.

"धा मिनिटं मागितली हुती त्यानं?"

"व्हय."

"आन तुमी दिली न्हाईत."

"न्हाई दिली, आबा. माझं चुकलं. मला माफ करा."