बागायतदारानं शेंदलेली घागर

फळा वाचणाऱ्या मंडळींनो, मास्तरांना विचारून चौकातल्या या फळ्यावरच्या बातम्या पुसल्या आणि आज माझं लिहितोय.

मी इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री. लढाईनंतर मिलिटरीनं लिलावात काढलेली लॉरी हेच माझं आणि बायकोचं घर. खाट, स्टोव्ह, कंदील, सगळं आत. काम असेल त्या गावी मुक्काम.

मागच्या महिन्यात रहाटणीला एका बागायतदारानं हिची भरलेली घागर त्याच्या विहिरीवर लाथेनं उलटी केली. म्हणाला, "घर न्हाई, दार न्हाई, आन् पानी आमचं व्हय?"

आज सकाळी तोच कासारवाडीला आमच्या लॉरीपाशी उभा. विहिरीवरचं इंजिन बंद, ऊस वाळतोय. "चला की मिस्त्री, राव."

लॉरी घेऊन मी आणि ही, दोघंही गेलो. बघतो तर इंजिन गार ठेवणारी टाकी ठणठणीत कोरडी. एक घागर पाणी ओतलं की काम झालं.

मी म्हटलं, "दोन घागरी शेंदा. पहिली हिची."

"गडी शेंदंल की."

"लाथ गड्यानं मारली नव्हती."

सगळ्या गड्यांसमोर त्यानं पाणी शेंदलं आणि घागर हिच्या पायाशी आणून ठेवली. हिनं ती उचलली आणि त्याच्यादेखत लॉरीच्या चिखलानं भरलेल्या चाकांवर ओतली. "प्यायला आम्हाला नदी आहे," म्हणाली.

दुसरी घागर मी टाकीत ओतली आणि त्याचं इंजिन सुरू झालं. तेव्हापासून मी चडफडतोय. मंडळी, खरं सांगा, तुम्ही ती दुसरी घागर टाकीत ओतली असती?