परतीचा नाका

वाळवंटात लोक मजा करायला जातात, हे मला अमेरिकेत येईपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही तेव्हा सॅन डिएगोला राहत होतो. २००२ सालचा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने आम्हाला बोलावलं होतं. मेक्सिकोच्या सीमेजवळ वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत, तिथे तो दरवर्षी ट्रेलर घेऊन मुक्काम टाकतो, जाड टायरांच्या गाड्या वाळूत उडवतो, तुम्हीही एक दिवस या, म्हणाला. नवरा लगेच हो म्हणाला. गोऱ्या माणसाने बोलावलं की त्याच्या तोंडून नाही निघतच नाही.

आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, आमची चार वर्षांची लेक आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, नागपूरचा, अजून लग्न न झालेला. ते वर्षभर आमच्याकडेच राहत होते. रोज सकाळी मी दोन डबे भरायची आणि दोघं दोन दिशांना आपापल्या ऑफिसला जायचे. संध्याकाळी भाऊजी धुतलेला डबा ओट्यावर उपडा ठेवायचे. लेकीला त्यांचा इतका लळा होता की तिचा बाप घरी आला तरी ती विचारायची, "व्हेअर इज काका?"

निघायच्या आधी मी नवऱ्याला म्हटलं, पासपोर्ट घेऊ या का? तर तो माझ्यावरच उखडला. "वाळूत पडले म्हणजे? झेरॉक्स आहेत ना गाडीत." आमचे सगळ्यांचे पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये होते, माझ्या पाटल्यांशेजारी. आपल्या लोकांची ही खोड जाता जात नाही. अस्सल कागद कडीकुलपात ठेवायचा आणि झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून जगभर हिंडायचं. ते दिवस कसे होते ते नवऱ्याला कळत नव्हतं असं नाही. आदल्या वर्षीच्या अकरा सप्टेंबरपासून त्याने दाढी एक दिवसही वाढू दिली नव्हती. पण लॉकर म्हणजे लॉकर.

पोचलो आणि माझं डोकंच उठलं. सगळीकडे ट्रेलर, बिअरचे खोके, पेट्रोलचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. प्रत्येक गाडीच्या मागे उंच लवचिक काठी, काठीला नारिंगी झेंडा. टेकडीच्या पलीकडून येणारी गाडी दिसावी म्हणून तसा नियमच होता. गाडी दिसायची नाही, नुसता झेंडा टेकडीमागून तरंगत यायचा. लेक टाळ्या वाजवत होती. पोह्यांत वाळू, चहात वाळू, दातांखाली वाळू. नवरा मात्र हेल्मेट घालून खुशीत होता.

या सगळ्या गर्दीत हिरव्या गणवेशातले बॉर्डरवाले फिरत होते. मला आधी वाटलं, हे इथले पोलीस असतील. कामंही तशीच करत होते. एकाची गाडी उलटून पाय मोडला, तर त्यांनीच तो फळीला बांधला आणि हेलिकॉप्टर मागवलं. दोन पिऊन तर्र झालेले बाप्ये हातघाईवर आले, तर यांनीच त्यांना वेगळं केलं. लोक त्यांना हात करत होते, थंड सोडा देत होते. त्यांच्यात एक पिकल्या मिशांचा, जाड मानेचा एजंट होता. आमच्या ट्रेलरजवळ आला तेव्हा लेकीला त्याने खिशातलं चॉकलेट दिलं. मी थँक यू म्हटलं.

दुपारी त्याच माणसाने टेकडीमागून तिघांना आणलं. तिघांच्या पायांत शहरातले काळे बूट, जवळ पाण्याची बाटलीही नव्हती. त्यांना वाळूत ओळीने बसवलं. बाजूने गाड्या जातच होत्या. एका गाडीवरच्या पोरीने बिअर पीत पीत त्यांचा फोटो काढला. तिघांपैकी एकाने मान वर केली आणि तो नेमका आमच्याकडे बघत राहिला. आमचे रंग बघूनच बहुतेक. मी पाण्याची बाटली उचलली, पण पिकल्या मिशांच्या एजंटने आधीच त्यांना पाणी दिलं होतं. मग गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली.

ट्रेलरवाला सहकारी आम्हाला समजावून सांगत होता. सीमा हाकेच्या अंतरावर आहे, सुट्टीच्या गर्दीत मिसळून लोक इकडे येतात, म्हणून हे इथे असतात. मग सहज म्हणाला, "आणि परत जाताना हायवेवर यांचा नाका लागेल. सगळ्या गाड्या थांबवतात. दोन मिनिटांचं काम."

येताना कुठेच नाका लागला नव्हता. तो फक्त परत जाणाऱ्यांसाठी होता. नवरा म्हणाला, "नो प्रॉब्लेम, झेरॉक्स आहेत," आणि पुन्हा गाडी उडवायला गेला. भाऊजींच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली.

मी स्टोव्ह पुसत होते. भाऊजी शेजारी येऊन उकिडवे बसले.

"वहिनी, एक सांगू? त्याला नका सांगू."

"काय झालं?"

"मला लेऑफ करून आठ महिने झाले."

मला आधी अर्थच लागेना. आठ महिने मी यांचा डबा भरत होते. मग रोज कुठे जात होतात, मी विचारलं.

"लायब्ररीत. तिथं बसून अप्लाय करत होतो. दुसरा जॉब मिळेल, मिळेल म्हणता म्हणता व्हिसाचं स्टेटस गेलं. आता माझ्याकडे काहीच नाही, वहिनी. घरी बाबांना सांगू शकत नाही, इथे कुणाला सांगू शकत नाही. आज येणार नव्हतो, पण नाही म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काऊन नाही येत?"

मला इतका राग आला की पळी फेकून मारावीशी वाटली. त्यांचा राग नव्हे. आमच्या त्या दर रविवारच्या जेवणांचा, जिथे पहिला प्रश्न कुठल्या कंपनीत आणि दुसरा प्रश्न ग्रीन कार्ड कुठवर आलं हा असायचा. तिथे कोण कशाला खरं सांगेल?

"आता नाक्यावर काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी विचार करून ठेवला होता. "मी मागे बसतो. छकुली माझ्या खांद्यावर झोपलेली असेल. झोपलेलं पोर बघून कोणी जास्त विचारत नाही. ती तेवढी झोपली पाहिजे."

म्हणून मग ते तिला दमवायच्या मागे लागले. तिच्याबरोबर धावले, वाळूचा किल्ला केला, घोडा झाले. तिने दुपारची झोप घेऊ नये म्हणून तिच्या डोळ्यांवर पाणी शिंपडलं. ती खिदळत होती, "काका, अगेन!" मी लांबून बघत होते. एवढा मोठा इंजिनिअर माणूस, आणि त्याची सगळी भिस्त एका चार वर्षांच्या पोरीच्या झोपेवर.

ऊन कलायला लागलं तेव्हा भाऊजी किल्ल्यासाठी ट्रेलरमधून पाणी आणायला गेले. मी सामान बांधत होते. ते बादली घेऊन परत आले तर किल्ला होता आणि लेक नव्हती.

आधी आम्ही हाका मारल्या. त्या आवाजात हाकांचं काय होणार? आजूबाजूचे ट्रेलर पाहिले, गाड्यांखाली वाकून पाहिलं. नवरा आला, ट्रेलरवाला एका बाजूला पळाला. वाळूच्या टेकड्या सगळ्या सारख्या. एक चढावी तर पुढे तशीच दुसरी, आणि त्यांच्यावरून बेभान गाड्या उड्या मारत होत्या. झेंडा उंच असतो तो दुसऱ्या गाडीला दिसावा म्हणून. माझी लेक गुडघ्याएवढी. ती कुणाला दिसणार? सूर्य बुडायला फार वेळ नव्हता आणि तिथली थंडीची रात्र काय असते ते मला ट्रेलरवाल्याने सकाळीच सांगितलं होतं.

बॉर्डरवाल्यांची गाडी दूर एका चढावर उभी होती. मी वळून पाहिलं तर भाऊजी त्या गाडीकडे पळत होते. वाळूत पळता येत नाही, पडत होते, उठून पुन्हा पळत होते. दोन्ही हात वर करून ओरडत होते. दिवसभर ज्या गाडीकडे पाठ करून बसले होते त्याच गाडीच्या बॉनेटवर जाऊन त्यांनी हात आपटले.

पुढचं मला तुटक आठवतं. पिकल्या मिशांच्या एजंटने विचारलं, बूट कसले आहेत? मी म्हटलं, गुलाबी. त्याने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि थोड्याच वेळात त्या पट्ट्यातल्या गाड्या थांबायला लागल्या. एक-एक करत आवाज बंद झाला. मग तो वाळूकडे बघत चालत गेला आणि टेकडीआड दिसेनासा झाला. तो परत आला तेव्हा लेक त्याच्या खांद्यावर होती. झेंड्यांच्या मागे मागे गेली होती म्हणे. तिने त्याची हिरवी टोपी घातली होती.

मी तिला छातीशी घेतलं आणि त्या माणसाचे दोन्ही हात धरून रडले. थँक यू, थँक यू, दुसरं काही सुचत नव्हतं. मला तो देवच वाटला.

त्याने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही वडील?"

"हो."

मग त्याचं लक्ष भाऊजींकडे गेलं. ते गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. "आणि तुम्ही, सर? तुम्ही इथले नागरिक?"

प्रश्न अगदी सहज विचारला होता. दिवसभर शंभर जणांना विचारत असेल. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय सांगत होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "व्हिसा होता. संपला."

नवऱ्याने आ वासला. त्याला तिथेच कळलं. तो पुढे होऊन म्हणाला, "ऑफिसर, ही इज माय फ्रेंड, आमच्याकडे राहतो, मी त्याची जबाबदारी घेतो." एजंटने त्याच्याकडे त्याचे कागद मागितले. नवऱ्याने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. एजंटने झेरॉक्स उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाला, अस्सल कागद जवळ बाळगायचा कायदा आहे, तुमच्याबरोबर लहान मूल आहे म्हणून मी आज सोडतो, पण तुम्ही यात पडू नका. नवरा मागे सरकला. लॉकरमधले पासपोर्ट तिथे असते तर त्याने निदान भांडण तरी केलं असतं. कदाचित काही उपयोग झाला नसता. पण तो भांडला असता.

भाऊजींना त्यांनी बेड्या घातल्या नाहीत. एजंटने गाडीचं मागचं दार उघडलं, डोक्याला लागू नये म्हणून वर हात धरला आणि त्यांना आत बसवलं. मग लेकीजवळ येऊन आपली टोपी मागितली. तिने ती दिली आणि त्याला बाय केलं. मी त्याला थँक यू म्हणून बसले होते. ते परत घेता येत नव्हतं आणि खोटंही नव्हतं. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि आजही त्याच्यामुळे माझी लेक आहे.

भाऊजींना काही आठवडे कोठडीत ठेवलं आणि मग नागपूरला परत पाठवलं. नवऱ्याने सोमवारी बँक उघडल्या उघडल्या लॉकर रिकामा केला. पुढे वर्षभराने भाऊजींचा फोन आला तेव्हा मी न राहवून विचारलं, हो म्हणायचं होतंत ना, कोण तपासणार होतं? ते म्हणाले, "वहिनी, आठ महिने सगळ्यांशी खोटं बोललो. पण त्यानं छकुलीला उचलून आणलं होतं हो. त्याच्याशी नाही बोलता आलं."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं परत निघालो. लेकीने एकदा विचारलं, "काका कमिंग?" मी उद्या म्हटलं. हायवेला लागेपर्यंत ती झोपलीसुद्धा. दिवसभर भाऊजींनी दमवलं होतं, तशी गाढ झोपली, तोंड उघडं टाकून.

मग तो नाका आला. दिवे, शंकू, गाड्यांची रांग. नवऱ्याने झेरॉक्सची पिशवी मांडीवर घेतली होती. आमची पाळी आली. एका तरुण एजंटने टॉर्च मागच्या सीटवर मारला. लेकीच्या तोंडावर उजेड पडताच त्याने तो पटकन खाली केला, ओठांवर बोट ठेवलं, हसला आणि हातानेच जा म्हणाला.

आम्हाला कुणी काही विचारलं नाही. भाऊजी म्हणाले होते, अगदी तसंच झालं.