मुळाविना चीड

चीनमधल्या चोंगछिंगच्या त्या डोंगरावर पाऊससुद्धा कोळशाच्या धुराने आंबलेला पडायचा. त्याने रोपवाटिकेतली चिडाची रोपं पार रुसली. वीतभर वाढायची आणि सुईसारखी पानं पिवळी करून बसायची. संशोधन केंद्रातल्या बाईंनी तपासून सांगितलं, "आंबटपणामुळे रोपातला झोपवणारा रस वाढलाय, वाढवणारा आटलाय. मातीत चुना घाला आणि वर्षभर थांबा."

रोपवाटिकेत राबणारी रान योंगपी थांबायला तयार होती. रोपं ज्या उघड्या उतारावर लावायची होती, त्याच्याच पायथ्याशी तिच्या धाकट्या भावाचं घर होतं. गेल्या पावसाळ्यात चिखल थेट त्याच्या चुलीपर्यंत आला, तेव्हापासून त्याची पोरं आजोळी होती. धड मुळांची झाडंच ती माती धरून ठेवणार होती.

पण रोपवाटिकेचे प्रमुख मू यांना दम कुठला? वृक्षारोपणाला मोठे साहेब येणार होते. मू यांचा मेहुणा बाजारात मुगाचे मोड विकायचा, औषधाच्या पाण्यात फुगवलेले, जाडजूड, मुळाचा केसही नसलेले. योंगपी ते कधी ताटात घ्यायची नाही. मू यांनी तेच औषध रोपांसाठी आणलं.

"मुळं कोण बघतंय, रानताई? फवारा."

"साहेब, डोंगरावर लावायचीत की रश्शात टाकायचीत?"

"जमत नसेल तर दुसरी बघतो. तुमची इथली खोलीही तिलाच देतो."

तिने फवारलं. रोपं तरारली, पण कशी? फिकट, लुळी, आजाऱ्याने गाल रंगवावेत तशी. औषधाचा गोडसर वास साबणानेही हातावरून जाईना. तिला स्वतःचीच किळस आली.

समारंभ झाला. ढोल वाजले, साहेबांनी फावडंभर माती लोटली आणि मू यांनी आदर्श कामगार म्हणून योंगपीच्या छातीवर लाल फूल टाचलं. लाज कोळून प्यायलेली माणसं!

गर्दी पांगल्यावर तिचा भाऊ योंगशिन धावत आला. "ताई, पोरांना परत आणलंय! आता कसली भीती? तू तर वर जंगलच उभं केलंस."

तिने त्याला हाताला धरून उतारावर ओढत नेलं आणि दोन बोटांनी एक रोप उपटलं. खाली उंदराच्या शेपटाएवढंही मूळ नव्हतं.

योंगशिनने आजूबाजूला पाहिलं. मग रोप तिच्या हातातून घेऊन खड्ड्यात खोचलं आणि पायाने माती दाबली. "साहेबांनी लावलंय, ताई. कुणी बघेल."

योंगपीने छातीवरचं फूल ओरबाडून त्याच्या अंगावर फेकलं. तरातरा खाली उतरून ती घरात शिरली आणि पोरांची अंथरुणं गुंडाळायला लागली.

"तू झोप तुझ्या जंगलाखाली," ती म्हणाली. "पोरं माझ्याकडे येतायत."